शिडाच्या बोटीतून इंजिन बाहेर काढताना

शिडाच्या बोटीतलं इंजिन बाहेर काढायचं ठरलं की पहिली धास्ती बसते ती वजनाची. एवढं लोखंड त्या अरुंद जिन्यातून वर यायचं कसं, हा विचार रात्री झोपू देत नाही. प्रत्यक्षात उचलण्याचं काम तासाभरात उरकतं. वेळ खातं ते इंजिन बोटीपासून सोडवणं. वायरी, नळ्या, केबल, शाफ्ट, माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी पाय) असं एकेक करत त्यात सहज दोन-तीन दिवस जातात. आणि त्या दिवसांत केलेला आळस लगेच दिसत नाही. तो दिसतो काही आठवड्यांनी, तेच इंजिन परत जागेवर बसवताना. म्हणून हे सगळं मी बसवणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून सांगतोय. तो माणूस बहुतेक तुम्हीच असणार, आणि तोवर यातलं निम्मं तुमच्या लक्षात राहिलेलं नसणार.

काढायलाच हवं का?

सिलिंडर हेड, इंजेक्टर, स्टार्टर, अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एक्झॉस्टचं कोपर ही कामं बहुतेक बोटींत इंजिन जागेवर असतानाच होतात. अंग चोरून, अडचणीत वाकून करावी लागतात, पण होतात. खालचा ऑइल सम्प (तेलाचं भांडं) गंजून गळायला लागला असेल, बेअरिंग किंवा पिस्टन बघायचे असतील, इंजिनाखालचे बेड कुजले असतील किंवा इंजिनच बदलायचं असेल, तर मात्र ते बाहेर काढण्याशिवाय गत्यंतर नाही.

मधला एक मार्गही आहे आणि तो फार जणांना सुचत नाही. इंजिन माउंटवरून सोडवून फळ्यांवरून अर्धा-पाऊण मीटर पुढे, केबिनमध्ये सरकवायचं. तेवढ्यानं गिअरबॉक्स, क्रँकशाफ्टचं मागचं सील आणि इंजिनाखालचा सगळा तळ हाताशी येतो. नुसतं सील बदलायचं असेल तर मी हेच करीन. वर उचलण्याचा सगळा खटाटोप वाचतो.

इंजिनचं वजन अंदाजानं धरू नका, त्याच्या मॅन्युअलमध्ये बघा. यानमारचं एक सिलिंडरचं १जीएम१० गिअरबॉक्ससकट सुमारे ७६ किलोचं आहे. छोटी दोन सिलिंडरची डिझेल इंजिनं ११०-१२० किलोच्या आसपास असतात, तीन सिलिंडरची त्याहून जड, आणि जुनी ओतीव लोखंडाची चार सिलिंडरची २०० किलोच्या पुढे जातात. मॅन्युअलमधलं वजन बहुधा तेल-पाण्याशिवायचं असतं, ते लक्षात ठेवून वर थोडं धरा.

पाण्यात की जमिनीवर?

शाफ्टवालं, म्हणजे लांब दांड्यानं बोटीमागचा पंखा फिरवणारं इंजिन बोट पाण्यात असतानाही काढता येतं. सेलड्राइव्ह असेल तर नाही. त्याचा पाय बोटीच्या तळातल्या मोठ्या भोकातून खाली गेलेला असतो आणि पाणी अडवायला मध्ये फक्त रबरी पडदा असतो. ते काम बोट जमिनीवर घेऊनच करायचं, त्यात तडजोड नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर शाफ्टवाल्या बोटीसाठीही मी जमीनच सुचवीन. पाण्यात बोट हलते, वजन एका कुशीला गेलं की कलते, आणि धक्क्याशी बांधलेली असेल तर भरती-ओहोटीबरोबर डेक आणि धक्का यांच्यातलं अंतर बदलत राहतं. इंजिन डेकवरून धक्क्यावर न्यायच्या वेळी दोन्ही साधारण एका पातळीत यायला हवेत, म्हणजे कामाची वेळ तुम्ही नाही, भरती ठरवणार. जमिनीवर यातलं काही नसतं. उलट डेक जमिनीपासून दोन-तीन मीटर उंच असतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्याला क्रेन लागते. क्रेन मिळणारच असेल तर तिच्यासाठी सगळी तयारी आधी पूर्ण ठेवा. क्रेन येऊन उभी आणि आत एक बोल्ट अडकलेला, यासारखी घालमेल नाही.

मापं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सर्वांत मोलाचा आहे.

इंजिनची लांबी, रुंदी, उंची घ्या. मग ते ज्या ज्या जागेतून जाणार त्या प्रत्येक जागेचं माप घ्या: इंजिनाच्या खोलीचं तोंड, जिना काढल्यावरची मोकळी रुंदी, वरच्या दाराची चौकट. दाराची चौकट बऱ्याचदा खाली अरुंद आणि वर रुंद असते, तेव्हा सर्वांत अरुंद जागी मोजा. शंका असेल तर पुठ्ठ्याची इंजिनाएवढी पेटी करून ती आतून बाहेर नेऊन बघा. दहा मिनिटांत पुठ्ठा सांगतो की अल्टरनेटर आडवा येणार आहे.

बाजूला निघणारी प्रत्येक गोष्ट आधी काढली तर इंजिन हलकंही होतं आणि सडपातळही. अल्टरनेटर, स्टार्टर, एक्झॉस्टचं कोपर, फिल्टरांचे ब्रॅकेट आणि गरज पडली तर गिअरबॉक्स. गिअरबॉक्स काढला की लांबी बरीच कमी होते, आणि अरुंद दारात इंजिन उभं वळवता येतं की नाही हे कधी कधी तेवढ्यावरच ठरतं.

आता उंची. नवखा माणूस हमखास चुकतो ते इथे. समजा इंजिन बूमला, म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला टांगून उचलायचं आहे. दाराच्या उंबऱ्यापासून बूमपर्यंत १५० सेंटीमीटर आहेत. इंजिनची उंची ५५. चेन ब्लॉक (हातानं साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र) पूर्ण आखडला तरी हुकापासून हुकापर्यंत ३५ घेतो. पट्टा आणि शॅकल (जोडकडी) मिळून ३०. बूमभोवतीचा पट्टा आणखी १०. बेरीज १३०. उरले २० सेंटीमीटर. एवढ्यात इंजिन उंबरा ओलांडतं, पण पट्टा थोडा लांब घेतला असता तर ते उंबऱ्याला टेकून लटकत राहिलं असतं आणि चेन ब्लॉकची साखळी संपली असती. हे गणित कागदावर करा, इंजिन हवेत लटकत असताना नको.

काय टांगायचं कशाला

सर्वांत सोपी आणि सुरक्षित गोष्ट म्हणजे क्रेन. ती नसेल तर दोन टप्पे धरा: आधी इंजिन जागेवरून उचलून दाराखाली आणायचं, मग दारातून वर काढायचं.

पहिल्या टप्प्यासाठी दाराच्या चौकटीवर आडवा वासा टाकतात. चांगल्या, सरळ रेषेच्या, गाठ नसलेल्या लाकडाचा १० बाय १० सेंटीमीटरचा वासा एक मीटरच्या अंतरावर १५० किलो निर्धास्त पेलतो. दुबळं असतं ते त्याच्या खालचं फायबरग्लास. म्हणून वाशाच्या दोन्ही टोकांखाली रुंद फळीचे तुकडे ठेवून भार पसरवा, आणि सरकत्या झाकणाच्या रुळांवर वासा चुकूनही टेकवू नका.

दुसऱ्या टप्प्याला बूम उपयोगी पडतं, पण एका अटीवर. बूम आडवा दांडा आहे, मध्यावर जड वजन पेलायला तो केलेला नसतो. म्हणून मुख्य शिडाचं हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, बूमवर नेमकी त्या जागी बांधायची जिथे खाली चेन ब्लॉक टांगला आहे. मग वजन जातं डोलकाठीच्या शेंड्यावर आणि बूम फक्त ते पुढे-मागे, डावी-उजवीकडे फिरवायच्या कामाला उरतं. टॉपिंग लिफ्टवर भिस्त ठेवू नका, ती बूमचं स्वतःचं वजन धरण्यापुरती असते. बूमच्या टोकाला दोन्ही कुशींकडे एकेक दोरी बांधून ठेवा, नाहीतर वजन अधांतरी आलं की बूम स्वतःच्या मर्जीनं एका बाजूला झुकतं.

हॅलयार्ड फक्त धरायला, उचलायला नाही. दोरी ओढायच्या विंचवर हॅलयार्ड गुंडाळून इंजिन वर खेचण्याचा मोह होतो. तसं करू नका. दोरी ताणली जाते, इंजिन झोके घेतं, आणि विंचवरचा हात सुटला तर मध्ये अडवणारं काही नाही. मेनशीटच्या, म्हणजे बूम ओढून धरणाऱ्या दोरीच्या कप्प्यांचंही तेच. चार पदरी कप्पीनं १५० किलोला हिशोबानं ३७-३८ किलोचा ओढा लागतो, घर्षण धरून त्याहून बराच जास्त, पण वजन थोपवायला शेवटी दातेरी क्लीटमध्ये अडकलेली एक दोरीच उरते. चेन ब्लॉकची साखळी हातातून सोडली तरी वजन आहे तिथे थांबतं. सगळ्या कामाचा आधार हाच गुण आहे. अर्धा टनाचा चेन ब्लॉक भाड्यानं आणा, उसना आणा, पण आणा.

इंजिनावर बहुधा दोन उचलण्याच्या कड्या असतात, एक पुढे, एक मागे. दोन्ही वापरा. त्या जागच्या जागी घट्ट आहेत का, गंजून पातळ झाल्या नाहीत ना, हे आधी बघा. पट्ट्याचे दोन पाय फार फाकवू नका. दोन्ही पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर एकूण वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. तेच ३० अंशांवर आले की प्रत्येक पायावर पुरं वजन येतं आणि कड्या आतल्या बाजूला ओढल्या जातात. उंची कमी पडते म्हणून पट्टा आखूड करताना हे विसरू नये.

तेल, पाणी, इंधन

इंजिन चालू होत असेल तर दहा मिनिटं चालवून तेल कोमट करा, म्हणजे डिपस्टिकच्या नळीतून हातपंपानं ते सहज ओढता येतं. गिअरबॉक्सचं तेलही काढा. गोड्या पाण्याचं कूलिंग असेल तर कूलंट बंद भांड्यात काढा. इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड असतं, कुत्रा-मांजर ते चाटून मरू शकतं.

बिल्जमधला, म्हणजे बोटीच्या तळात पाणी साठतं तिथला, आपोआप चालणारा पंप या वेळी बंद ठेवा. तळात तेल सांडलं की तो पंप ते गुपचूप समुद्रात फेकतो आणि पाण्यावर पसरलेला तवंग दिसेपर्यंत तुम्हाला पत्ताही नसतो. मात्र बोट पाण्यात असेल तर पंप बंद म्हणजे पहारा तुमचा. दर थोड्या वेळानं तळ हातानं तपासा, आणि रात्री निघण्याआधी तेल टिपून घेऊन पंप परत चालू करा.

डिझेलची टाकीजवळची तोटी बंद करा. येणारी नळी सगळ्यांच्या लक्षात राहते. परत जाणारी, इंजेक्टरकडून टाकीत जादा इंधन नेणारी बारीक नळी विसरली जाते. टाकी उंचावर असेल तर तिच्यातून सायफननं थेंब थेंब डिझेल रात्रभर गळू शकतं. दोन्ही टोकं बुचं लावून वर बांधा.

इंजिन पेट्रोलचं असेल तर मात्र थांबून विचार करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साठून राहते आणि एका ठिणगीनं पेट घेते. आधी इंधन काढा, बोट नीट वाऱ्यावर उघडी ठेवा, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय बॅटरीच्या टोकाला पाना लावू नका.

आता समुद्राचं पाणी. इंजिनकडे येणारा सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळातली समुद्राच्या पाण्याची तोटी, बंद करा आणि तो खरंच बंद झाला आहे का याची परीक्षा घ्या. क्लिप ढिली करून नळी जराशी सैल करायची आणि बघायचं. थोडं साठलेलं पाणी येऊन थांबलं तर ठीक. धार चालूच राहिली तर नळी परत दाबून बसवा, क्लिप आवळा, आणि सीकॉक दुरुस्त होईपर्यंत पुढे जाऊ नका. लाकडी निमुळतं बूच हाताच्या अंतरावर असू द्या. एक्झॉस्टची नळी सुटली की बोटीच्या मागच्या भोकातून थेट आत रस्ता तयार होतो. बोट पाण्यात असेल तर एखादी लाट किंवा जाणाऱ्या लाँचचं पाणी तिथून आत येतं, तेव्हा बाहेरून त्या भोकालाही बूच मारा. सायलेन्सरच्या डब्यात बादलीभर काळं पाणी असतं, ते आधी काढलंत तर नंतर अंगावर येणार नाही.

वायरी

बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढायचं, बसवताना शेवटी लावायचं. सोलर पॅनेल आणि किनाऱ्यावरून येणारी वीजही बंद करा, कारण बॅटरीचं बटण फिरवलं म्हणजे सगळं थंड झालं असं नसतं.

प्रत्येक वायरीला दोन चिठ्ठ्या लावा: एक वायरीला, एक ती जिथून निघाली त्या जागेला, दोन्हींवर एकच आकडा. चिठ्ठी म्हणजे कापडी टेप आणि कायमची शाई. तेलकट हातांपुढे कागदी चिकटपट्टी टिकत नाही. मग फोटो: आधी दुरून, मग जवळून, आणि प्रत्येक फोटोत चिठ्ठीवरचा आकडा वाचता आला पाहिजे. जुन्या बोटींत चार पिढ्यांच्या मालकांनी जोडलेल्या वायरी असतात. मूळच्या नकाशात लाल असलेली वायर तिथे निळी निघेल. नकाशावर नाही, डोळ्यांवर विश्वास ठेवा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बऱ्याच बोटींत सगळ्या उपकरणांचं निगेटिव्ह इंजिनच्या ब्लॉकवर आणून जोडलेलं असतं. इंजिन काढलंत की दिवे, रेडिओ आणि बिल्ज पंपसुद्धा मुके होतात. इंजिन नसलेली बोट पाण्यात राहणार असेल तर ही सगळी निगेटिव्ह टोकं एका बोल्टवर एकत्र बांधून बॅटरीला जोडा, आणि घरी जाण्याआधी बिल्जचा तरंगता स्विच हातानं उचलून पंप चालतो का ते ऐका.

थ्रॉटल, गिअर आणि इंजिन बंद करायची केबल सोडवताना पिना आणि क्लिपा त्याच केबलच्या टोकाला परत अडकवून ठेवा. डब्यात टाकू नका. प्रत्येक सांध्याचे बोल्ट जमेल तिथे त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायची सवय लावून घ्या.

कपलिंग

गिअरबॉक्सचा फ्लँज (टोकाची चकती) आणि शाफ्टचा फ्लँज बहुतेक चार बोल्टनी जोडलेले असतात. वर्षानुवर्षं त्यांच्यावर खारं पाणी थेंबत असतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा. बोल्ट फिरवताना शाफ्ट फिरतो, तर गिअर टाकून ठेवा किंवा फ्लँजमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा. शाफ्ट पान्यानं पकडू नका. जिथे पाना चावतो तो भाग पुढे स्टफिंग बॉक्समध्ये (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या डबीत) आला तर तिथलं पॅकिंग कातरून काढतो.

सोडवण्याआधी दोन्ही फ्लँजच्या कडेवर छिन्नीनं एक सरळ खूण मारा, म्हणजे ते परत त्याच जोडीनं बसतील. बोल्ट निघाले तरी फ्लँज सुटतीलच असं नाही. मधे गंज धरलेला असतो. इथे माणसाचा धीर सुटतो आणि तो मोठा हातोडा घेतो. त्या ठोक्याचा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. त्याऐवजी दोन पातळ पाचरी घ्या, समोरासमोर दोन बाजूंना ठेवा, आळीपाळीनं हलकेच ठोका. एकदा एका जुन्या बोटीत मी सकाळभर असा बसलो होतो: तेल, दोन ठोके, थोडं थांबणं, परत दोन ठोके. मग टिक असा अगदी बारीक आवाज आला आणि फटीतून गंजाची तपकिरी भुकटी बोटांवर पडली. तो आवाज आला की समजावं, आता हे सुटलं.

बोट पाण्यात असेल तर हा क्षण येण्याआधीच शाफ्टवर, आतल्या बाजूला, स्टफिंग बॉक्सच्या पुढे दोन होज क्लिपा घट्ट आवळून ठेवा. मोकळा झालेला शाफ्ट मागे घसरत पार बाहेर जाऊ शकतो, आणि मग तिथून बोटीत पाणी शिरतं. क्लिपा स्टफिंग बॉक्सला अडतात आणि शाफ्ट थांबतो. मागे सरकवायचा तो फ्लँज एकमेकांतून निघतील इतकाच, काही सेंटीमीटर. मागे पंखा सुकाणूला किंवा शाफ्टच्या ब्रॅकेटला आपटत नाही ना हे आधी बघून घ्या. शाफ्ट मागे जायला जागाच नसेल तर त्याला तसाच राहू द्या आणि इंजिनच पुढे घ्या. नाहीतरी ते पुढेच यायचं आहे.

माउंट

इंजिन चार रबरी माउंटवर उभं असतं. प्रत्येक माउंटमधून एक जाड आटेदार दांडा वर आलेला असतो, त्यावर इंजिनच्या पायाखाली एक नट आणि पायावर एक नट. खालच्या नटाची उंची म्हणजे शाफ्टच्या रेषेत आणलेल्या इंजिनची उंची. ती प्रत्येक माउंटवर मिलिमीटरमध्ये मोजा, लिहून ठेवा, आणि फक्त वरचा नट काढून इंजिन दांड्यांवरून उचला. माउंट बेडवरून उखडू नका, निदान त्यांच्या कडेनं बेडवर रेघ मारल्याशिवाय तरी नको.

पहिल्या वेळी मी माउंटच्या खाली घातलेल्या पत्र्याच्या पातळ पट्ट्या चारही ठिकाणच्या गोळा करून एका डब्यात टाकल्या होत्या. त्या वेळी ते नीटनेटकं वाटलं. परत बसवताना कुठल्या कोपऱ्यात किती पट्ट्या होत्या हे कुणालाच सांगता येईना. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घेऊन फ्लँजमधली फट चारही बाजूंनी सारखी करण्यात पुरे दोन दिवस गेले. ती फट वर-खाली, डावी-उजवीकडे ०.१ मिलिमीटरच्या आत सारखी हवी असते, म्हणजे एक पट्टी इकडची तिकडे झाली तरी सगळं फिसकटतं. आता मी चार पिशव्या करतो आणि त्यावर लिहितो: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा.

उचलणं

तिघं पुरतात. एक चेन ब्लॉकवर, एक आत इंजिनजवळ, एक वर डेकवर. आवाज फक्त एकाचा चालणार, आणि तो आतल्या माणसाचा, कारण इंजिन कुठे अडकतंय हे त्यालाच दिसतं. शब्द तीनच: "वर", "खाली", "थांब". "थांब" मात्र कुणीही म्हणू शकतो आणि ते ऐकलं की साखळी तिथल्या तिथे सोडून द्यायची.

जिना काढा. केबिनच्या जमिनीवर जुनी गादी आणि वर प्लायवूड टाका, दाराच्या कडांना जाड कापड बांधा. इंजिन रिकामं केलं तरी सम्पच्या कोपऱ्यात तेल उरतंच आणि तिरकं झालं की ते बाहेर येतं, म्हणून सगळ्या उघड्या भोकांना बोळे मारून वर टेप लावा.

पहिली दोन सेंटीमीटर सर्वांत सावकाश. साखळी ताणली, पट्टे कडक झाले की थांबा आणि टॉर्च घेऊन इंजिनभोवती फिरा. हमखास एक वायर, एक अर्थिंगची पट्टी किंवा एक नळी अजून जोडलेली सापडते. सगळं मोकळं आहे अशी खात्री झाली की इंजिन दांड्यांच्या वर येईपर्यंत उचला. उचलणारा बिंदू इंजिनच्या बरोबर वर नसतो, तो पुढे दाराकडे असतो, त्यामुळे दांड्यांवरून सुटताक्षणी इंजिन झोक्यासारखं पुढे येऊ बघतं. मागून एक दोरी बांधून ती एखाद्या भक्कम जागेभोवती एक वेढा देऊन धरून ठेवा आणि इंजिनला हळूहळू पुढे येऊ द्या.

खाली घसरायला फळ्या टाकलेल्या असतील तर आणखी बरं. इंजिनच्या पायांना दोन्ही बाजूंनी एकेक लाकडी पट्टी बोल्टनं जोडली की त्याची घसरगाडी होते. ती फळीवर ठेवून ओढली की तोल जायची भीती उरत नाही, आणि पुढे जमिनीवर ठेवायलाही त्याच पट्ट्या कामी येतात.

दाराखाली आल्यावर आडव्या वाशावरून भार बूमच्या चेन ब्लॉकवर घ्यायचा. आधी इंजिन खाली फळीवर टेकवा, मगच हुक बदला. दोन चेन ब्लॉक असतील तर एकावरचं वजन दुसऱ्यावर सरकवता येतं, पण पहिल्यांदा करताना टेकवणंच बरं.

इंजिन दारातून वर येतानाची काही मिनिटं मला अजूनही ताणाची वाटतात. दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटांची फट, साखळीचा एकसुरी कटकट आवाज, वरच्या माणसाच्या हातात दिशा देणारी दोरी. इंजिन किंचित फिरतं आणि सम्पचा कोपरा लाकडाला घासतो. अशा वेळी हात आपोआप तिथे जातो, इंजिन ढकलून सरळ करायला. लटकतं वजन आणि चौकट यांच्या मधे बोटं घालू नका. लाकडाची दांडी घ्या आणि तिनं ढकला. आणि इंजिन वर असताना त्याच्या खाली कुणी उभं राहायचं नाही, खाली पडलेला पाना उचलायलासुद्धा नाही. आतला माणूस या टप्प्याला बाजूला, आत मागे सरकलेला हवा.

उंबरा ओलांडला की कॉकपिटमध्ये आधीच मांडून ठेवलेल्या फळ्यांवर उतरवा. फळ्या दोन्ही बाजूंच्या बैठकींवर आडव्या टाकल्या तर भार पसरतो. तिथून धक्क्यावर नेताना, बोट पाण्यात असेल तर, वजन कुशीला जाऊ लागलं की बोट त्या बाजूला कलणार आणि बूम आणखी त्याच बाजूला जाऊ पाहणार. बूमच्या दोन्ही दोऱ्या माणसांच्या हातात, वेढा देऊन, हळूहळू सोडत न्या. क्रेन असेल तर ती सरळ दारातूनच उचलते आणि हे सगळं टळतं.

रिकाम्या जागेत

इंजिन निघाल्यावर जी जागा मोकळी होते ती अनेक वर्षांनी उजेड बघत असते. आधी धुऊन चिकट तेल काढा, मग बेडच्या लाकडात ठिकठिकाणी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, विशेषतः माउंटच्या बोल्टभोवती. टोक आत रुतलं तर कूज आहे. फायबरनं मढवलेल्या बेडवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला तर आत पाणी शिरलं आहे. स्टफिंग बॉक्सची रबरी नळी, सीकॉक, एक्झॉस्टची नळी, आवाज अडवणारं अस्तर यांच्याकडे हात पोचायची अशी संधी परत मिळणार नाही. नळ्या सरसकट बदला. रंग पांढरा द्या, पुढे तेलाचा एक थेंब गळला तरी दिसतो.

माउंटचं रबर डिझेल आणि तेलानं मऊ पडतं, फुगतं, तडकतं. तशी खूण दिसली तर चारही एकदम बदला, कारण एकच नवा घेतला तर इंजिन त्याच्याकडे उंच होतं. नवे घेतल्यावर टिपलेल्या उंच्या फक्त सुरुवातीच्या अंदाजाला उपयोगी पडतात, रेषा फीलर गेजनं नव्यानं जुळवावी लागते. ती शेवटची जुळणी बोट पाण्यात उतरवून, डोलकाठीच्या तारा ताणून, एखादा दिवस गेल्यावर करा. पाण्यावर तरंगताना आणि तारा ओढल्यावर बोटीचा आकार किंचित बदलतो, आणि जमिनीवर अचूक जुळवलेला शाफ्ट पाण्यात अचूक राहत नाही.

इंजिन ठेवायचं ते लाकडी चौकटीवर, माउंटच्या पायांवर, सम्पवर नाही. पाण्याच्या पंपातलं रबरी इम्पेलर काढून ठेवा, नाहीतर एकाच जागी दबून त्याची पाती तशीच वाकून बसतात. ते पिशवीत घालून ती पिशवी इंजिनच्या किल्लीला बांधा, म्हणजे इम्पेलर न बसवता कुणी इंजिन चालू करणार नाही. काम लांबलं तर दर पंधरा दिवसांनी क्रँकशाफ्टच्या पुढच्या नटाला पाना लावून इंजिन ज्या दिशेनं चालतं त्या दिशेनं दोन फेरे फिरवा, आणि दर वेळी थोड्या वेगळ्या जागी थांबवा.